सिगरेट सोडून व्हेपवर (ई-सिगरेटवर) गेलो तर खरंच फरक पडतो का? वय ४१, सवय १९ वर्षांची

कर्वेनगरकर

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं इथे नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदाच स्वतः धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

वय ४१, पुण्यात आयटीत आहे. सिगरेट २२व्या वर्षी लागली. आता रोजच्या १० ते १२ होतात. सकाळची पहिली उठल्यावर वीस मिनिटांच्या आत लागतेच, चहाबरोबर, तिच्याशिवाय पोट साफ होत नाही असं डोक्यात बसलंय. बाकीच्या ऑफिसखालच्या टपरीवर.

मागच्या रविवारी लेकीला घेऊन पर्वतीला गेलो होतो. आठ वर्षांची आहे ती. १०३ पायऱ्या फक्त, कॉलेजात असताना मी दोन-दोनदा वरखाली करायचो. या वेळी अर्ध्यात कठड्याला धरून थांबावं लागलं. ती पुढे गेली होती, मी दिसलो नाही म्हणून परत खाली आली, हात धरला आणि म्हणाली बाबा तुझ्या छातीत शिट्टी वाजतेय, मला ऐकू येतेय. सर्दी झालीय म्हणून सांगितलं तिला. खोटं बोललो. रात्रभर झोप लागली नाही.

आता मूळ प्रश्न. चुलतभाऊ इंग्लंडला असतो, गणपतीत आला होता. तोही माझ्याइतकाच ओढायचा, पण गेली दोन वर्षं फक्त व्हेप. तो म्हणतो तिकडे सरकारी दवाखान्यातच सांगतात की सिगरेट सोड आणि हे घे. जाताना त्याचं जुनं पॉड (व्हेप ओढायचं छोटं यंत्र) आणि त्यात भरायच्या लिक्विडच्या दोन बाटल्या माझ्याकडे ठेवून गेला. ऑफिसातला एक मित्र म्हणतो बिनधास्त ओढ, त्यात नुसती वाफ असते, काही होत नाही, आणि त्याला ते घरपोच मिळतंही. उलट बायकोने एक व्हिडिओ पाठवला, त्यात सांगितलंय की व्हेपने फुप्फुसाचं पॉपकॉर्न होतं आणि माणूस महिन्यात जातो. आणि आपल्याकडे तर त्याच्यावर बंदीच आहे ना? मग तिकडे औषध आणि इकडे गुन्हा असं कसं?

गेले दहा दिवस मी दोन्ही करतोय, घरात गॅलरीत व्हेप, ऑफिसात सिगरेट, पण ती १२ वरून ५ वर आलीय. हे बरोबर चाललंय का चूक? कोणी स्वतः यातून गेलंय का, किंवा कोणी डॉक्टर आहे का इथे? प्लीज सरळ सांगा, मनाला लागलं तरी चालेल.

मिरजेचा_छातीवाला

मी छातीचा डॉक्टर, मिरजेत २३ वर्षं प्रॅक्टिस. तुम्ही सरळ सांगा म्हणालात म्हणून सरळच सांगतो आणि जरा लांबवतो, कारण या विषयावर दोन्हीकडून अर्धवट माहिती फिरते.

सिगरेटचा खरा घात जळण्यात आहे. कश मारताना टोकाशी ९०० अंशांच्या आसपास तापमान जातं. तंबाखू जळतो, कागद जळतो, त्यातून ७००० च्या वर रसायनं तयार होतात आणि त्यातली निदान ७० कॅन्सर करणारी आहेत. डांबर फुप्फुसात जाऊन बसतं. कार्बन मोनॉक्साइड रक्तात शिरतो, हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो, म्हणजे रक्त फिरतंय पण प्राणवायू कमी वाहतंय. व्हेपमध्ये काही जळत नाही. प्रॉपिलिन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटीन आणि फ्लेवर यांचं मिश्रण बॅटरीवर तापलेल्या कॉइलने उडवलं जातं. डांबर नाही, कार्बन मोनॉक्साइड जवळपास नाही. त्यामुळे जो माणूस रोज १२ सिगरेटी ओढतो तो जर पूर्णपणे, परत सांगतो पूर्णपणे, व्हेपवर गेला तर त्याच्या शरीरात जाणारं विष बरंच कमी होतं. हे खरं आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. इंग्लंडच्या पब्लिक हेल्थ इंग्लंड या सरकारी संस्थेने २०१५ मध्ये ९५ टक्के कमी घातक असा आकडा दिला होता तो यावरूनच. पण तो तज्ज्ञांनी बसून बांधलेला अंदाज होता, वजनकाट्यावर तोललेला नव्हे, एवढं लक्षात ठेवा.

आता तुमच्या मित्राचं. नुसती वाफ हे साफ चूक. वाफ पाण्याची असते, ही तापलेल्या रसायनांची बारीक फवारणी आहे. कॉइलमधून निकेल, क्रोमियम, शिसं यांचे कण त्यात येतात. कॉइल कोरडी पडून करपली की फॉर्माल्डिहाइड तयार होतं. फ्लेवरचं म्हणाल तर आंब्याचा इसेन्स आम्रखंडात घालून खाल्ला तर आतडी त्याचं बघून घेतात, तोच तापवून फुप्फुसात ओढला तर फुप्फुसाला ती सोय दिलेलीच नाही. निकोटीनने नाडी आणि बीपी दोन्ही वाढतात, मग ते कशातूनही येवो.

आणि अजून एक. १९५० साली लंडनमध्ये डॉल आणि हिल यांनी सिगरेट आणि फुप्फुसाच्या कॅन्सरचं नातं दाखवलं, तोवर लोक दोन पिढ्या मजेत ओढत होते. कॅन्सर व्हायला वीस-तीस वर्षं लागतात. आजच्यासारखं व्हेप हॉन लिक नावाच्या चिनी फार्मासिस्टने २००३ मध्ये बनवलं, जगभर पसरायला पुढची आठ-दहा वर्षं गेली. म्हणजे चाळीस वर्षं फक्त व्हेप ओढलेला माणूस अजून जगात जन्माला यायचाय, तेव्हा 'काही होत नाही' हे कोणीच म्हणू शकत नाही.

तुमच्या मिसेसच्या व्हिडिओचं. पॉपकॉर्न लंग हे नाव अमेरिकेत मिझुरीमधल्या पॉपकॉर्न कारखान्यातल्या कामगारांवरून पडलं, २००० च्या सुमाराला. तिथे लोण्याच्या वासासाठी डायअसेटिल वापरायचे, ते हुंगून त्यांच्या श्वासनलिका आकसल्या. काही व्हेप लिक्विडमध्ये ते सापडलं होतं, म्हणून ब्रिटनमध्ये त्यावर बंदी आहे. सिगरेटच्या धुरात मात्र ते त्याहून जास्त असतं, हे व्हिडिओवाले सांगत नाहीत. माणसं गेली ती वेगळ्या गोष्टीने. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेप ओढणारी तरुण पोरं अचानक आयसीयूत यायला लागली, फेब्रुवारी २०२० पर्यंत २८०७ जण हॉस्पिटलात दाखल झाले आणि ६८ मेले. त्यातल्या बहुतेकांनी गांजाच्या अर्काची, रस्त्यावर विकत घेतलेली, व्हेपमध्ये बसवायची काडतुसं वापरली होती आणि त्यात घट्टपणासाठी व्हिटॅमिन ई ॲसिटेट घातलेलं होतं. त्वचेला लावायला ते ठीक आहे, फुप्फुसात गेलं की घात. म्हणून घरपोच देणारा माणूस बाटलीत काय भरून देतो हा प्रश्न साधा नाही.

शेवटी तुमचं स्वतःचं, आणि इथे मी तुम्हाला रागावणार आहे. १२ वरून ५ वर आलो म्हणून निम्म्याहून जास्त धोका टळला असं वाटत असेल तर तसं नाही. फुप्फुसाचं गणित थोडंफार प्रमाणात चालतं, हृदयाचं नाही. २०१८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या अभ्यासात दिसलं की रोज एकच सिगरेट ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो जादा धोका असतो तो रोज २० ओढणाऱ्याच्या जवळपास निम्मा असतो. विसाव्या हिश्शाचा नव्हे, निम्मा! पाचावर थांबून वर व्हेप म्हणजे दोन्हीकडचं घेताय.

आणि छातीत शिट्टी वाजते हे सर्दी म्हणून सोडू नका. स्पायरोमेट्री करून घ्या, फुंकायची तपासणी असते, अर्ध्या तासात होते.

लेस्टरवासी

डॉक्टरांनी छान सांगितलंय. मी त्या चुलतभावाच्या बाजूची, म्हणजे इंग्लंडमधली. बाई असून ओढायचे हे इथे लिहायला अजूनही जड जातं, पण तुमची शिट्टीची गोष्ट वाचून राहवलं नाही.

मालाडला कॉल सेंटरमध्ये नाइट शिफ्टला होते तेव्हा लागली, १४ वर्षं ओढली. २०१२ ला इकडे आले. २०१८ मध्ये जीपीने, म्हणजे इकडच्या फॅमिली डॉक्टरने, सिगरेट सोडवणाऱ्या नर्सकडे पाठवलं. ती एक छोटं यंत्र देते, त्यात १५ सेकंद श्वास धरून मग हळू फुंकायचं, श्वासातला कार्बन मोनॉक्साइड आकड्यात दिसतो. माझा आला २४. ती म्हणाली न ओढणाऱ्या माणसाचा साधारण सहाच्या आत असतो. आकडा लाल अक्षरात येतो हो, ते बघून मी तिथेच रडले. मग व्हेप सुरू केलं, सिगरेट त्याच दिवशी बंद, एकही नाही. चार आठवड्यांनी परत फुंकलं तर २. तोच माझा श्वास, तेच यंत्र. सकाळचा घट्ट कफ दीड महिन्यात गेला, जिना चढताना बोलता यायला लागलं, आणि साखरेच्या पाकाचा वास म्हणजे नक्की काय हे मला दिवाळीत बऱ्याच वर्षांनी कळलं.

पण पुढचं कोणी सांगत नाही ते मी सांगते. व्हेप सोडणं मला सिगरेटपेक्षा अवघड गेलं. सिगरेट संपते, ओढायला बाहेर थंडीत जावं लागतं, कपड्यांना वास येतो म्हणून लाज वाटते. व्हेप उशाशी असतं. रात्री दोनला जाग आली की एक कश, भांडी घासताना एक कश, टीव्ही बघताना तर हात आपोआप जायचा. दिवसभरात किती ओढलं याचा हिशोबच राहत नाही. लिक्विडमधलं निकोटीन १८ मिलीग्रॅमवरून १२, मग ६, मग ३, मग शून्य असं उतरायला मला १४ महिने लागले. इकडे लंडनच्या क्वीन मेरी युनिव्हर्सिटीने ८८६ जणांवर अभ्यास केला होता, २०१९ मध्ये आला, त्यात वर्षभराने व्हेपवाल्यांपैकी १८ टक्के लोकांची सिगरेट सुटलेली आणि गम-पॅचवाल्यांची (निकोटीनची चघळायची गम, कातडीला चिकटवायची पट्टी) ९.९ टक्के. हे सगळे सांगतात. पण व्हेपने सुटलेल्या त्या लोकांपैकी ८० टक्के वर्षानंतरही व्हेप ओढतच होते, गम-पॅचवाल्यांमध्ये मात्र फक्त ९ टक्के अजून ते वापरत होते. तुमचा भाऊ दोन वर्षं त्यावरच आहे म्हणालात ना, तेच हे.

आणि इकडे निकोटीन मिलीलीटरला २० मिलीग्रॅमच्या वर विकता येत नाही, टाकी २ मिलीलीटरपेक्षा मोठी चालत नाही, प्रत्येक लिक्विडची सरकारदरबारी नोंद लागते. तरीसुद्धा रंगीत डिस्पोजेबल व्हेप शाळेतल्या पोरांच्या हातात इतकी गेली की १ जून २०२५ पासून त्यांची विक्री बंद करावी लागली. इकडचा सल्ला इकडच्या बाटलीला लागू आहे. पुण्यात घरपोच येणाऱ्या बाटलीला नाही.

वर्तकनगर_आई

तुमच्या त्या मित्राला माझा निरोप द्या. काही होत नाही म्हणणाऱ्यांमुळेच माझ्या घरात हे शिरलं.

मुलगा बारावीला. नोव्हेंबरमध्ये त्याच्या कंपासमध्ये पेन शोधत होते, हायलायटर होता एक, हिरवा, टोपण उघडायला गेले तर उघडेना. नाकाशी नेला तर पिकल्या आंब्याचा वास, नोव्हेंबरात. खाली बारीक भोक आणि दुसऱ्या टोकाला चार्जिंगची जागा. मला तोवर माहीतही नव्हतं की ही वस्तू अशी दिसते. ॲश ट्रे नाही, काडेपेटी नाही, कपड्यांना वास नाही, आईला कळणार कसं सांगा. क्लासमधल्या मुलांनी दिलं, मेसेज टाकला की स्कूटरवरून आणून देतात, आई ते फक्त फ्लेवर असतं असं तो मला सांगत होता आणि त्याचा स्वतःचा त्यावर विश्वास होता. आम्ही काढून घेतल्यावर तीन दिवस त्याने घर डोक्यावर घेतलं, अभ्यासात लक्ष नाही, हात थरथरायचे, चौथ्या दिवशी माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला की मला सोडता येत नाहीये. सतरा वर्षांचा मुलगा. त्याने आयुष्यात एकही सिगरेट ओढलेली नव्हती.

समुपदेशक बाईंनी समजावलं की मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालू असते आणि त्या वयात निकोटीन मिळालं की सवय पटकन आणि खोल लागते. नवीन यंत्रांमध्ये निकोटीन क्षाराच्या रूपात असतं, ते घशाला खुपत नाही, म्हणून पोरं पहिल्याच दिवशी खोकल्याशिवाय ओढू शकतात. आमच्या वेळी पहिल्या सिगरेटला ठसका लागायचा, अर्धी मुलं तिथेच थांबायची. २०१९ मध्ये अमेरिकेत हायस्कूलमधली २७.५ टक्के मुलं व्हेप ओढत होती असं त्यांनी सांगितलं, चारातलं एक पोर हो!

आता तो बरा आहे, पाच महिने झाले. पण तुमची लेक आठ वर्षांची आहे. त्या भावाने ठेवलेल्या बाटल्या कुठे ठेवल्यात ते आत्ता उठून बघा. निकोटीनचं लिक्विड लहान मुलाच्या पोटात थोडंसं गेलं तरी विषबाधा होते, आणि त्याला वास गोड असतो.

खार_पश्चिम

मुलांबद्दल शंभर टक्के सहमत. पण मला बंदी पटत नाही आणि ते इथे मांडतो. १८ सप्टेंबर २०१९ ला वटहुकूम आला, डिसेंबरमध्ये संसदेने कायदा केला. विकलं तर पहिल्या वेळी वर्षभर कैद किंवा १ लाख दंड किंवा दोन्ही, परत सापडला तर ३ वर्षं आणि ५ लाख, साठा ठेवला तरी ६ महिने किंवा ५० हजार. आणि त्याच कोपऱ्यावर सिगरेट आणि बिडी उघड मिळते! महाराष्ट्रात २०२० मध्ये सुट्टी सिगरेट विकायलाही बंदी आली, टपरीवर जाऊन बघा कोण पाळतंय. जो वीस वर्षं ओढतोय त्याला कमी विषारी पर्याय नाकारायचा आणि जास्त विषारी दारात ठेवायचा, हा कुठला न्याय? बंदीने व्हेप थांबलं नाही, फक्त चोरबाजारात गेलं आणि वरच्या ताईंच्या मुलापर्यंत पोचलं.

मिरजेचा_छातीवाला

@खार_पश्चिम, सिगरेट दारात मिळते याचा मलाही तुमच्याइतकाच राग येतो. पण आपल्या राज्याचं चित्र इंग्लंडसारखं नाही. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के निघाले आणि तंबाखू, खर्रा, मावा, गुटखा, मिश्री असं तोंडात धरणारे २४.४ टक्के. व्हेपने ज्यांचं थोडंफार भलं होऊ शकतं ते थोडे, आणि ज्यांना नव्याने लागेल ती पोरं लाखांनी. मी तरी पोरांचा विचार आधी करतो. तुमचं मत वेगळं असू शकतं, त्यावर भांडण नाही.

@कर्वेनगरकर, एक व्यवहाराची गोष्ट. आयात बंद आहे, म्हणजे पुढच्या वेळी भावाला सोबत आणायला सांगू नका, विमानतळावर तो अडकेल.

होटगी_रोड

ओ कर्वेनगरकर, डॉक्टरसाहेब बोलले ते बरोबरच हाय, पण गम कशी खायची ते कोण सांगंना म्हणून लिहितो. मी रोजच्या दीड पाकिटावरून सुटलोय, तीन वर्षं झाली बघा.

पहिल्यांदा मी निकोटीनची गम च्युइंग गमसारखी कचाकचा चावली. उचकी लागली, घसा जळाला, मळमळलं, दोन दिवसांत फेकून दिली आणि परत टपरीवर. मग औषध दुकानातल्या पोराने शिकवलं, तेवढ्यानं सगळं फिरलं. दहा-पंधरा वेळा हळू चावायची, जिभेला मुंग्या आल्यासारखं तिखट लागायला लागलं की थांबायचं, गाल आणि हिरडीच्या मधे दाबून ठेवायची, जसा मी आधी तंबाखूचा बार धरायचो तशी. चव गेली की परत दोन-चारदा चावायची आणि जागा बदलून दुसऱ्या गालात. अर्धा तास चालती एक. रस गिळत बसायचा नाही, तो गालातूनच भिनतो. आणि चहा-कॉफी पिऊन पंधरा मिनिटं तरी गम तोंडात टाकायची नाही, आंबट चालत नाही, नाहीतर काम करत नाही ती.

तलफ आली की वाटतं आता जीव जातोय, पण घड्याळ लावून बघा, पाच मिनिटांच्या वर ती टिकत नाही. मी मोबाइलवर टायमर लावायचो आणि गार पाणी घोट घोट प्यायचो. पहिले तीन दिवस लई वाईट, तीन आठवड्यांनी माणसात येतो माणूस. वडिलांनी बिडी सोडली आणि मावा धरला, जबड्याचं ऑपरेशन झालं, तोंड दोन बोटं उघडत नव्हतं त्यांचं. म्हणून हात जोडून सांगतो, सिगरेटच्या जागी तंबाखूची पुडी घेऊ नका.

पाकिटावर फोन नंबर छापलेला असतो, १८००-११-२३५६, फुकट हाय, मराठीत बोलतात. सुट्टी घेणाऱ्याला पाकीटच दिसत नाही म्हणून इथं लिहिला.

प्रीमियम_भरतो

छोटीशी भर. टर्म इन्शुरन्सच्या मेडिकलमध्ये लघवीत कोटिनिन तपासतात, ते निकोटीनपासून तयार होतं. व्हेपवाल्यालाही पॉझिटिव्ह येतं आणि हप्ता स्मोकरचा लागतो. फॉर्मवर नाही म्हणून लिहू नका.

कर्वेनगरकर

सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री सगळं दोनदा वाचलं आणि बायकोलाही वाचायला दिलं. वर्तकनगर आई, तुमचा प्रतिसाद वाचून खरंच उठलो, बाटल्या टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये होत्या, लेकीचे रंगखडू त्याच ड्रॉवरमध्ये असतात. पुढे काय लिहू कळत नाहीये. पॉड आणि बाटल्या वरच्या माळ्यावर कुलपात ठेवल्यात, बॅटरी असल्यामुळे कचऱ्यात टाकता येत नाही असं बायको म्हणाली, ई-कचरा घेणाऱ्यांकडे शनिवारी देणार.

डॉक्टर, व्हेप नको हे पटलं. आता गम घेऊ का पॅच का गोळी? आणि ४१ म्हणजे फार उशीर झाला का?

मिरजेचा_छातीवाला

उशीर नाही. ब्रिटिश डॉक्टरांचा ५० वर्षं पाठपुरावा केलेला अभ्यास २००४ मध्ये आला. आयुष्यभर ओढणारे न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी १० वर्षं आधी गेले. जे चाळिशीत थांबले त्यांची त्यातली ९ वर्षं वाचली, पन्नाशीत थांबले त्यांची ६, साठीत थांबले त्यांचीही ३. तुम्ही ९ वाल्यांच्या गटात आहात.

उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली लागते म्हणजे सवय घट्ट आहे. नुसत्या २ मिलीग्रॅमच्या गमवर भागेलच असं नाही. दिवसभरासाठी पॅच आणि वर तलफ आली की गम, ही जोडी एकट्या गमपेक्षा चांगली चालते. नाहीतर व्हॅरेनिक्लिनच्या गोळ्या, त्या सोडायच्या तारखेच्या एक आठवडा आधी सुरू करायच्या आणि १२ आठवडे घ्यायच्या. मळमळ होते, म्हणून भरल्या पोटी घ्या. स्वप्नं विचित्र पडतात. कुठलं घ्यायचं ते तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांबरोबर ठरवा, माझ्या इथल्या लिहिण्यावर गोळी सुरू करू नका.

दोन गोष्टी होतील, घाबरू नका. सुरुवातीला खोकला वाढेल. श्वासनलिकेत बारीक केसांसारखे तंतू असतात, कचरा वर ढकलणारे, धुराने ते लुळे पडलेले असतात, ते परत कामाला लागतात. आणि कॉफी निम्मी करा. धुरामुळे लिव्हर कॉफी भराभर संपवत असतं, धूर बंद झाला की तेवढाच कप दुप्पट चढतो, छाती धडधडते, झोप जाते, आणि माणसाला वाटतं की सिगरेट सोडल्याचाच त्रास होतोय.

कर्वेनगरकर

कळवायचं राहिलं होतं. आज २३ दिवस झाले, शून्य सिगरेट, शून्य व्हेप. स्पायरोमेट्री केली, नळ्या थोड्या आकसलेल्या आहेत, पंपाने बऱ्याच मोकळ्या होतात असं रिपोर्टमध्ये आलं, दोन महिन्यांनी परत करायचीय. इथल्या डॉक्टरांनी पॅच आणि गम दिलीय. होटगी रोडवाले, गालात दाबून ठेवायची युक्ती नसती सांगितली तर मी चौथ्या दिवशीच गेलो असतो.

सहाव्या दिवशी टपरीपर्यंत गेलो होतो हेही लिहितो. दहा रुपये जास्त देऊन बिस्कीटचा पुडा घेतला, सुट्टे परत घ्यायला थांबलो नाही. खोकला खरंच वाढलाय, सकाळी करडा कफ येतो. कॉफी चार वरून एकावर आणली. पोट साफ होत नाही ते आठवडाभरच झालं, मग कोमट पाण्याने जमलं.

लेकीला खरं सांगितलं. ती म्हणाली शिट्टी थांबली का बघायला परत जाऊया. रविवारी सकाळी सातला पर्वती.